धारेखालचा गुडघा

नव्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मास्तर होतो. लोणारच्या धारेवर, गोमुखातून बारमाही पडणाऱ्या पाण्याखाली, सकाळी अंघोळीला जायचो, तेव्हा तो आधीच तिथं असायचा. इनामाच्या कुस्त्यांवर पोट असलेला तो पहिलवान सुजलेला गुडघा पाण्याखाली धरून बसे आणि तान्ह्या पोराला थोपटावं तसा त्याला थोपटत राही.

एकदा विचारलं, "काय झालं गुडघ्याला?"

"जत्रेतल्या कुस्तीत पाय मुरगळला, म्हणून खाली बसलो होतो. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, 'सोंग काऊन करून राह्यला बे? ऊठ.' मले लाज वाटली. उठलो, पुन्हा भिडलो, अन् गुडघा गेला. तुम्ही होते का तिथं, मास्तर?"

ओरडणारा मीच होतो. घरी येऊन ते हसत सांगितलंही होतं.

"नाही," मी म्हणालो.

"बरं झालं. तुमाले पाहवलं नसतं," म्हणत त्यानं पायऱ्या चढायला माझ्याच खांद्यावर हात ठेवला.