राइन नदीपर्यंतचा तह

अमेरिकेतल्या अल्फारेटात माझी जुन्या फर्निचरची तीन दुकानं आहेत. कुणाला घर रिकामं करायचं असेल तर मला बोलावतात. घर रिकामं करणारा माणूस घाईत असतो आणि मी नसतो, यावरच माझा धंदा उभा आहे. दुसरं भांडवल घेऊन मी या देशात आलो नव्हतो. पहिली चार वर्षं दुसऱ्याच्या ट्रकमध्ये सोफे चढवले.

गेल्या मार्चमध्ये डॉक्टरकाकांच्या मुलीचा फोन आला. काका आमच्या महाराष्ट्र मंडळातले सगळ्यांत जुने सभासद, निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ. काकू गेल्यापासून एकटेच राहत. जिन्यात पडले, खुबा मोडला, आता वृद्धांसाठीच्या असिस्टेड लिव्हिंगमध्ये एका खोलीत जायचं होतं. मुलगी सांता क्लाराहून आठवड्याची रजा काढून आली होती. दारात टाकाऊ सामानाचा लोखंडी डम्पस्टर उभा होता. शुक्रवारी सकाळी कंपनी तो उचलून नेणार होती.

"अंकल, बाकी सगळं इझी आहे," ती म्हणाली. "बेसमेंट इज द प्रॉब्लेम."

बेसमेंटमध्ये काय आहे हे इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक होतं. फ्रेंच बादशहाचं सैन्य. बोटाच्या दोन पेरांएवढे शिशाचे सैनिक, नऊ हजारांच्या वर, प्रत्येकाचं बटण न् बटण काकांनी स्वतः रंगवलेलं. तीस वर्षं रोज हॉस्पिटलमधून आल्यावर ते हेच करत. एका टेबलावर इटली, दुसऱ्यावर इजिप्त, मग ऑस्ट्रिया, प्रशिया, स्पेन. एका बेटावरच्या साध्या घरातला मुलगा तोफखान्यात शिरतो, पंधरा वर्षांत अर्धा युरोप घेतो आणि भावांना गाद्यांवर बसवतो, हे सगळं त्या टेबलांवर मांडलेलं होतं. शेवटच्या टेबलावर कोऱ्या निळ्या कोटांतली फौज रशियात शिरत होती. परत येणारे काकांनी रंगवलेच नव्हते.

अकरा वर्षांपूर्वी मंडळात त्यांनी याच बादशहावर व्याख्यान दिलं. शाळेचा हॉल, दीडशे माणसं. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मी उभा राहिलो. "काका, रशियात फौज संपली, जर्मनीत हरला, तरी शत्रू त्याला राइन नदीपर्यंतचा मुलूख देऊन तह करायला तयार होते. मग घेतला का नाही?"

काकांनी चष्मा काढला. "अरे, ही जुन्या सोफ्यांची घासाघीस नाही. इतिहास दुकानदाराच्या डोक्याने वाचायचा नसतो."

हॉल हसला. शेजारी बसलेली माझी बायकोही हसली. मी हॉलवर ओरडलो, खुर्ची लाथाडली आणि बाहेर पडलो. पुढची दोन वर्षं पार्ट्यांमध्ये लोक मला विचारत, "काय, राइन केवढ्याला दिली?" काकांनी उत्तर दिलंच नव्हतं, हे एकाच्याही लक्षात आलं नाही.

सोमवारी मी बेसमेंटमध्ये उतरलो. काका व्हीलचेअरवर टेबलांच्या मधोमध होते. त्यांनी स्वतःच विषय काढला. "हे फुटता कामा नये. एकत्र राहिलं तर ते सैन्य आहे. नाहीतर खेळणी."

मी म्हणालो, "सगळंच्या सगळं नेतो, टेबलांसकट. मोठ्या दुकानाच्या दर्शनी काचेमागे ठेवतो. विकायचं नाही. तुमच्या नावाची पितळी पाटी लावतो." मी खरंच बोलत होतो. ते बघायला गर्दी लोटली असती. "पण काका, माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्यांदा आलो की कमी देतो. तिसऱ्यांदा आणखी कमी."

"तुझ्या रिक्लायनरच्या बाजूला?" ते म्हणाले. "एका युनिव्हर्सिटीला पत्र लिहिलंय. ते नेतील."

"नक्की?"

"त्यांना कळतं हे काय आहे ते."

बुधवारी युनिव्हर्सिटीचं उत्तर आलं होतं: सैन्य ठेवायला जागा नाही, फोटो पाठवा. मुलगी वर कपाटं रिकामी करत होती. मी खाली गेलो आणि उभ्याउभ्याच बोललो. सैन्य अख्खं नेईन, पण पाटी नाही, काच नाही. खोक्यांत भरून गोडाऊनमध्ये राहील.

"सोमवारचं दे," काका म्हणाले.

"सोमवार गेला."

काका म्हणाले, "आधी राइनपर्यंत देत होते. तो नाही म्हणाल्यावर फक्त जुना फ्रान्स. तू माझ्यावर तेच चालवतोयस."

"तुम्हीच शिकवलंत. तुमच्या व्याख्यानात समोसे खात ऐकलंय मी."

मला वाटलं, आता ते घेतील. इतकं वाचलेला माणूस पुढे काय होतं हे जाणून होता. त्यांनी व्हीलचेअर वळवली आणि भिंतीला म्हणाले, "गोडाऊनमध्ये उंदीर असतात. नाही."

गुरुवारी दुपारी मी रिकामी खोकी घेऊनच गेलो. या वेळी फक्त घोड्यांवरचे अधिकारी आणि सेनापती नेणार होतो, कारण ते सुटे विकले जातात. पायदळ तिथेच राहणार. मुलगी जिन्यात उभी राहून ऐकत होती. "डॅड, प्लीज," ती म्हणाली. "जस्ट से येस. मला उद्या फ्लाइट आहे."

काकांनी होकारार्थी मान हलवली. मी टेबलावरून एकेक घोडा उचलायला लागलो. ते बघत राहिले.

"उत्तर देतो तुला," ते मध्येच म्हणाले. "जन्माने राजा असलेला माणूस हरून घरी जातो आणि तरी राजाच असतो. हा स्वतःच्या जोरावर वर आलेला. जिंकणं थांबलं की त्याच्याकडे काहीच उरत नव्हतं. अर्धं घेतलं असतं तर लोकांनी त्याला परत तोफखान्यातला पोरगा म्हटलं असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला हे माझ्यापेक्षा आधी कळायला हवं होतं."

माझी कानशिलं तापली. त्या क्षणी मी सोमवारचा तह परत देऊ शकलो असतो. जागा होती, काच होती. काका तेच मागत होते, फक्त तोंडाने म्हणत नव्हते.

"हे हॉलमध्ये सांगायचं होतंत," मी म्हणालो आणि खोक्याला टेप लावला.

शुक्रवारी मी दोन टेबलं न्यायला गेलो, ती चांगल्या ओकची होती. मुलगी फावड्याने पायदळ प्लॅस्टिकच्या टबात भरत होती आणि माझी माणसं टब डम्पस्टरमध्ये उलटे करत होती. शिशाचा आवाज गारांसारखा येत होता. काका गाडीत बसले होते, पट्टा लावलेला, काच वर. मुलीने मला विचारलं, "तुम्हाला नक्की नको ना?" मी नको म्हणालो. इतकं पायदळ कोण घेणार?

अधिकारी तीन आठवड्यांत संपले. जास्त करून लोकांनी पुस्तकांच्या फळीवर ठेवायला नेले. पांढऱ्या घोड्यावरचा बादशहा एका बाईने नवऱ्याच्या वाढदिवसाच्या केकवर लावायला घेतला. तिने भाव पाडायला सांगितलं आणि मी लगेच पाडला.