चित्रातली सारस मादी

भूतखेत, शकुन-अपशकुन... या भानगडीत मी कधी पडलो नाही. गोंदियात चित्रकलेचा मास्तर आहे. कागदावर मी काढीन तेच दिसणार, एवढंच माझं तत्त्वज्ञान. तरी हे लिहितोय, कारण डोकं चालेनासं झालंय.

धाकट्या बहिणीचं, वर्षाचं, साक्षगंध ठरलं. मुलगा धानशेतीवाल्या घरातला, वाघ नदीच्या पलीकडचा. त्यांना भेट म्हणून मी वॉटरकलर केलं - सकाळची नदी, काठाला लागलेला रिकामा डोंगा आणि उथळ पाण्यात सारसाची जोडी. आमच्याकडे जोडी म्हटली की सारसच. एक गेला तर दुसरा अन्नपाणी सोडतो म्हणतात. चित्र काचेत मीच बसवलं, वर्तमानपत्रात मीच गुंडाळलं. तेव्हा सारस दोन होते, शपथेवर सांगतो.

साक्षगंधात, सगळ्या पाहुण्यांसमोर, मुलाच्या आईनं वरचा कागद उलगडला. बघतच राहिली.

"एकच सारस काऊन काढला जी? मादी कोठी गेली?"

मी हसतच पुढे झालो... आणि पाहिलं. नर तसाच, मान वाकवून. शेजारी मादी नाही! नुसतं पाणी. वॉटरकलरवाल्यांना कळेल - चढलेला रंग असा निघत नाही. पुसा, खरवडा, डाग राहतोच. इथे कागदावर साधा ओरखडाही नव्हता. गुंडाळण्याआधी मोबाईलवर काढलेल्या फोटोत मात्र दोघंही उभी.

"अपशकुन," कुणीतरी पुटपुटलं. तेवढ्यात वर्षा उठली.

"मले हे लगन नाही कराचं, दादा."

पाहुणे न जेवताच गेले.

आता ती नागपुरात शिकते, मजेत आहे. चित्र माझ्याकडेच. त्या जागी मादी पुन्हा काढून पाहिली - रंग बसतच नाही, ओघळून जातो. परवा वर्षा घरी आली, तेव्हा मी विचारलंच.

"तू काही केलं काय त्या चित्राले?"

"काचेच्या आत? मी काय करू?"

"मंग लगन नको होतं त आधी काऊन नाही सांगितलं?"

"सांगालेच त आली होती. तू चित्र काढून राहिला होता. म्हणाला, 'पाह्य वर्षा, डोंगा म्हंजे संसार, पलीकडचा काठ म्हंजे सासर, अन् हे मादी म्हंजे तू.'" तिनं चित्रातल्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. "मंग मी काही बोललीच नाही. तिच्याकडे पाहून मनात म्हटलं, 'बाई, तू तरी उडून जाय.'"

फोटोत ती अजून उभी आहे. चित्रात नाही. मला खरंच काही कळत नाही.