हुकूम देणारा आरोपी

ती दुपार मी विसरू शकलेलो नाही. सत्तरच्या दशकात मी वसमत भागात फौजदार होतो. एका गावातली बौद्ध वस्ती पेटवल्याची खबर आली. आम्ही पोचलो तेव्हा सात घरं जळाली होती आणि आत झोपलेला एक आजारी म्हातारा होरपळून वारला होता. वस्तीने मेलेली जनावरं ओढायला नकार दिला होता, एवढंच कारण.

पंचनामा झाला, म्हाताऱ्याच्या बायकोची फिर्याद नोंदवली. दुसऱ्या दिवशी पाच सालगडी स्वतःहून ठाण्यात हजर झाले. वेगवेगळं बसवून विचारलं, तर पाचही जण म्हणाले, "दारूच्या नशेत आमच्या हातून झालं." शब्दसुद्धा तेच. खरं सांगणारा माणूस अडखळतो. हे कोणीच अडखळले नाहीत. पाचही एकाच जमीनदाराच्या घरचे. गावात त्याचं नाव कोणी घेत नसे, सगळे मालकच म्हणत. तो आगीच्या दिवशी परभणीला होता.

"आरोपींना गुन्हा कबूल आहे, केस संपवा," असं वरिष्ठ म्हणाले. मी सरकारी वकिलांना भेटलो. ते म्हणाले, "महायुद्धानंतर परदेशात युद्धगुन्ह्यांचे खटले चालले. वरून हुकूम होता म्हणून हाताखालचे सुटले नाहीत, आणि हुकूम देणारेही सुटले नाहीत. आपला कायदाही तेच म्हणतो. तुम्ही पुरावा आणा."

चार दिवसांनी सकाळच्या हजेरीच्या वेळी जवळच्या तांड्यावरचा एक शेतकरी ठाण्यात आला.

"साहेब, मालकाची कडब्याची गंजी वस्तीला लागूनच हुती. आगीच्या आदल्या दिवशी त्यानं ती हलवाया लावली. माझ्याच गाडीनं न्हेली."

"काहून, असं विचारलं नाही?"

"विचारलं. म्हणला, हितं कायबी ऱ्हाऊ देऊ नको."

मी जागा पाहिली. गंजीखालची जमीन उघडी पडली होती, भुसकट ताजं होतं. पुन्हा पंचनामा केला आणि सालगड्यांतल्या वयाने मोठ्या माणसाला समोर बसवलं. हात उगारला नाही. गंजी आदल्या दिवशीच का हलवली, एवढंच विचारलं. तो म्हणाला,

"म्हातारा आत हाय हे ठाव न्हवतं, साहेब. मालक म्हणले, जाळा, मी सोडवून आनतो. न्हाई म्हणलं असतं तर लेकरं घेऊन कुठं गेलो असतो?"

पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. त्याला मॅजिस्ट्रेटसमोर नेलं. त्यांनी विचार करायला वेळ दिला. तरी त्याने तोच जबाब दिला आणि पुढे तो माफीचा साक्षीदार झाला. मालकाला अटक झाली. इकडे मालकाच्या माणसांनी तांड्याची गाडीवाट अडवली. मी त्या शेतकऱ्याला विचारलं, साक्ष देणार ना? तो म्हणाला, "गाडी माझी हुती. मलाच सांगावं लागंल."

सत्र न्यायालयाने मालकाला कट आणि चिथावणीबद्दल शिक्षा दिली. उरलेल्या चौघांनाही दिली. हुकूम होता हे कारण चाललं नाही.

या केसने मला शिकवलं की कबुली हाती आली म्हणजे तपास संपला असं नाही. काडी ओढणारा लवकर सापडतो. ती ओढायला लावणाऱ्यापर्यंत जायला कुणाला तरी आपली वाट बंद करून घ्यावी लागते.

खटल्याच्या पहिल्या दिवशी कोर्टाच्या शिपायाने व्हरांड्यातून मालकाच्या नावाचा पुकारा केला. नुसतं नाव, तीनदा. म्हाताऱ्याची बायको माझ्या शेजारीच उभी होती. ती हळूच म्हणाली, "साहेब, त्याचं नाव असं बी घेता येतं व्हय?"