आंटींच्या वाटचे मोदक

मला धर्मशास्त्रातलं काही कळतं, असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. मला स्लाइड बदलता येतात, एवढंच. सिंगापूरला, पासिर रिस भागात, आमच्या फ्लॅटच्या समोरच्या दारात आंटी राहायच्या. निवृत्त शिक्षिका, चिनी, पक्क्या ख्रिस्ती. मी पाया लेबारच्या ऑफिसातून परतेपर्यंत माझी लेक शाळेतून येऊन त्यांच्याकडेच बसायची. त्यामुळे "चर्चमध्ये सहा शनिवार वर्ग घेणार आहे, पण तो प्रोजेक्टर माझं ऐकत नाही," असं त्या म्हणाल्या तेव्हा नाही म्हणायची माझी काय बिशाद?

विषय होता, पहिल्या ख्रिस्ती लोकांनी ज्यूंच्या धर्मनियमांचं काय केलं. मी मनात म्हटलं, चला, एसी आहे, डुलकी काढू. पण आंटी काही झोपू देणाऱ्यातल्या नव्हत्या. पहिले ख्रिस्ती स्वतः ज्यूच होते, हे मला तिथेच कळलं. शनिवारी काम करायचं नाही, अमुक मांस खायचं नाही, मुलग्यांची सुंता करायची, हे सगळं पाळत वाढलेली माणसं. मग बाहेरचे लोक यायला लागले आणि वादाला तोंड फुटलं. या नव्यांनी आधी सगळे नियम पाळायचे, की आहेत तसेच आत यायचं? त्यांच्या पंगतीला बसायचं का नाही, इथवर प्रकरण गेलं. मला सासूबाईंचं सोवळ्यातलं स्वयंपाकघर आठवलं आणि फिस्सकन हसू आलं. आंटींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, तशी मी सरळ बसले.

चौथ्या शनिवारी मी बटण दाबलं आणि पुढची स्लाइड आली. जाणत्या मंडळींनी बसून तोड काढली होती. नव्यांवर सुंतेची सक्ती नको, मात्र चार गोष्टी त्यांनी टाळाव्यात. यादीत पहिलीच गोष्ट होती मूर्तींना वाहिलेलं अन्न.

सलग तीन वर्षं गणपतीत मी या बाईंच्या दारात मोदकांचा डबा घेऊन उभी राहिले होते. नुसती उभी नाही, तर प्रसाद म्हणजे काय ते साग्रसंगीत समजावत. आमच्या देवाला दाखवलाय, म्हणून तुम्हाला आणलाय. आणि माझ्या लेकीला रोज भरवणारी ही बाई हसून डबा घेत होती.

आंटी पुढे सांगत होत्या की, त्या पहिल्या ख्रिस्तींतल्याच एकाने पत्रात वेगळं लिहिलं होतं. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं, की बाबा हे देवाला वाहिलेलं आहे, तर मात्र खाऊ नका, त्या सांगणाऱ्यासाठी म्हणून. म्हणजे मी तोंड बंद ठेवलं असतं तरी भागलं असतं. पण प्रसाद देताना तोंड बंद ठेवणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही.

परतताना लिफ्टमध्ये मी विचारलंच. "आंटी, माझे मोदक तुम्ही फेकलेत का?"

"अन्न फेकते का मी?" त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी डबा उघडल्या उघडल्या एक खाल्ला, मग तुझं भाषण ऐकलं. त्यानंतर नाही खाल्ले. फ्रिजमध्ये ठेवायचे, तुझी मुलगी चार दिवस पुरवून खायची."

गणपतीत ही पोरगी रात्री जेवत का नाही, याचा तीन वर्षांनी उलगडा झाला. जाब विचारला तर शाळेत उचललेल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणे, "आंटी cannot eat, so I help lah." मी हसले खरी, पण मनातून वाईट वाटलं. जिच्या जिवावर मी निर्धास्त नोकरी करत होते, तिच्या तोंडात मला माझ्या हातचा एक मोदक घालता येत नव्हता.

महिन्याभराने गणपती आले. पुण्याहून सासूबाई मुक्कामाला होत्या. मी शक्कल लढवली, नैवेद्याआधीच आंटींचे पाच मोदक काढून ठेवते. सासूबाईंनी हातातला झारा खाली ठेवला. "देवाच्या आधी माणसाला? या घरात नाही चालायचं." म्हणजे आंटींना नंतरचे चालेनात आणि आम्हाला आधीचे देता येईनात. मी चिडून म्हटलं, "मग राहू दे, नाहीच देत."

सासूबाईंनी सगळी हकीकत विचारून घेतली. त्या शनिवारच्या वर्गासकट. नियम म्हटला की त्यांना रस. मग सारण ढवळता ढवळता म्हणाल्या, "देव जेवू दे. मग नवा नारळ घे, नवी उकड काढ. ते देवाला दाखवायचेच नाहीत, ते फक्त मास्तरीणबाईंचे." दुपारी अडीच वाजता, सगळे आडवे झालेले असताना, त्या बाहत्तर वर्षांच्या बाईने परत पाट मांडला आणि पाच मोदक वळले. पहिल्या खेपेपेक्षा कळ्या जास्त सुबक होत्या, हे मी तेव्हा बोलले नाही.

डबा घेऊन दोघी समोर गेलो. सवयीने माझ्या तोंडात "प्रसाद" आलाच होता, सासूबाईंनी कोपर मारलं. मी आंटींना एवढंच सांगितलं, की हे देवाला दाखवलेले नाहीत, यांनी तुमच्यासाठी वेगळे केलेत. आंटी सासूबाईंकडे बघतच राहिल्या. मग टेबलाशी बसल्या, मोदक पुढ्यात ठेवून हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि पहिला घास घेतला. दुसरा मोदक बशीत घालून त्यांनी सासूबाईंपुढे धरला.

सासूबाई परक्या घरात पाणीसुद्धा घेत नाहीत.

"काय म्हणाल्या गं त्या मघाशी, डोळे मिटून?" त्यांनी मला विचारलं.

"त्यांच्या देवाचे आभार मानले. जेवणाआधी मानतात."

"म्हणजे त्यांच्या देवाला दाखवून झाला," सासूबाई म्हणाल्या. "मग आता हा प्रसाद. नाही कसं म्हणायचं?" त्यांनी पदर सारखा केला, उजवा हात पुढे केला, मोदक घेतला आणि आंटींच्या शेजारच्या खुर्चीवर बसून सावकाश खाल्ला. आंटींनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, तर तोही प्यायल्या.