मला कावीळ झालीच नव्हती

बारावीनंतर नीटमध्ये माझे मार्क कमी पडले, आणि जूनमध्ये निकाल लागला त्याच संध्याकाळी आईने नागपूरच्या मावशीला फोनवर सांगितलं, "परीक्षेच्या वेळी कावीळ झाली होती गं तिला." मी समोरच बसून चहात बिस्किट बुडवत होते. कसली कावीळ? आयुष्यात मला कधी कावीळ झालेली नाही! मी बोटांनी खालच्या पापण्या ओढून तिला डोळे दाखवले, बघ, पांढरे आहेत. तिने हातानेच गप्प बस म्हटलं.

आईबाबांच्या तोंडून आठवड्याभरात माझी कावीळ कोलकात्यातल्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत पोचली. इथे मराठी माणसं असतात तरी किती? बदलीवर आलेले बँकेतले, रेल्वेतले, चार-दोन आयटीवाले. म्हणजे बघा, आजारी मुलगी चालते, मार्क कमी पडलेली चालत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण आईबाबांना हे सांगून उपयोग नव्हता, त्यांना वाटत होतं की ते मला सांभाळून घेतायत.

परत परीक्षा द्यायची, हे माझंही ठरलेलं होतं. भांडण होतं ते मधलं वर्ष घालवायचं कसं यावर. बाबांचं म्हणणं, लातूरला हॉस्टेलवर राहायचं आणि सकाळपासून रात्रीपर्यंत क्लास. माझं म्हणणं, इथेच डमडमला घरी राहते, सकाळी अभ्यास करते आणि दुपारी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात बसते. बाई कबूल होत्या. केसपेपर लिही, वजनं घे, बीपी बघायला शिक, म्हणाल्या. दिवसभर आजारी माणसं समोर आली तर मी टिकते की पळून जाते, हे मला एकदा बघायचं होतं. यात काय चुकलं माझं?

"डॉक्टर झाल्यावर जन्मभर पेशंटच बघायचेत," बाबा म्हणाले. "आत्ता प्रश्न सोडव." झालं, विषय संपला. वर्ष माझं आणि ठरवणार हे!

जुलैमधल्या एका रविवारी ओळखीतल्या एका काकूंनी सगळ्यांना हावड्याला जेवायला बोलावलं. काकांची रेल्वेत नोकरी, त्यामुळे क्वार्टर मोठं. इथल्या मराठी घरांमध्ये काकूंचा शब्द शेवटचा, आमच्या बाबांसारखे बँक मॅनेजरसुद्धा त्यांच्यापुढे नरम असतात. सगळ्यांच्या पानात बटाटेवडे पडले, माझ्या पानात मऊ भात आणि फोडणी न घातलेलं वरण. "तेल नको हं तिला," काकू म्हणाल्या. इतक्या प्रेमाने म्हणाल्या की मला अजूनच राग आला. आई माझ्याकडे बघायचंच टाळत होती.

तेवढ्यात बाबांनी लातूरचा विषय काढला. काकू वाढता वाढता थांबल्या.

"भावजी, डोकं ठिकाणावर आहे ना? कावीळ झालेल्या पोरीला मेसचं खायला घालणार? वर्षभर घरचंच जेवण पाहिजे तिला. कुठे पाठवायची नाही, सांगून ठेवते."

बाबा कात्रीत सापडले. खरं सांगावं तर पंचाईत, आणि कावीळ खरी मानावी तर लातूर गेलं. "बघू, अजून तसं काही पक्कं नाही," असं काहीतरी पुटपुटले. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या! फक्त तोंड बंद ठेवायचं, की वर्ष माझं. मी मन लावून मऊ भात खायला लागले.

हात धुवायला गेले तर काकूंची मुलगी मागोमाग आली. बारावीत होती, डॉक्टरच व्हायचं होतं तिलाही. इथेच वाढल्यामुळे मराठी जरा अडखळतच बोलायची.

"ताई, तुला तर कावीळ झाली होती. मला नाही झाली, आणि मार्क पण नाही आले, तर मी घरी काय सांगू?"

ती चेष्टा करत नव्हती. तिने बेसिनची कड घट्ट धरली होती.

मी तशीच ओल्या हातांनी बाहेर आले. "काकू, मला कावीळबिवीळ काही झाली नव्हती. ठणठणीत होते मी. फिजिक्स जमलं नाही, मार्क कमी पडले."

आईचा चेहरा उतरला. काकू म्हणाल्या, "अगं मग आधी सांगायचंस की, वडे तरी खाल्ले असतेस." एवढंच! आणि एवढ्यासाठी माझ्या घरच्यांनी मला महिनाभर आजारी ठेवलं होतं.

परतताना टॅक्सीत बाबा म्हणाले, "आता काय अडचण उरली? तिकीट काढतो." मी म्हटलं, "काढा." दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना नाही म्हणून सांगायला गेले, तेव्हा मात्र रडले.

बाबा मला पोचवायला निघाले. पुण्यावरून पुढे लातूरला जायचं होतं, म्हणून हावड्याहून पुण्याच्या गाडीत बसलो, आई सोडायला डब्यात चढली होती. समोरच्या सीटवर एक मराठी आजोबा होते. त्यांनी विचारलं, "कुठे निघाली लेक?"

आईने बाबांकडे बघितलं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं, म्हटलं, बघू आता कोणता आजार निघतो.

"लातूरला," बाबा म्हणाले. माझी बॅग सीटखाली सरकवली. "नीटला मार्क कमी पडले तिला. परत बसतेय."

आजोबा "बरं बरं" म्हणाले आणि चपला काढून पाय वर घेऊन बसले. मला बाबांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, आणि ओरडावंसंही वाटलं, की हे एवढं जूनमध्ये म्हणाला असतात, तर त्या पोरीने मला तसं विचारलंच नसतं.