गुरुवारची पेज

विमलामावशी तोंडाने फटकळ, हे रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात पेशंटबरोबर आलेल्या माणसांना पहिल्याच गुरुवारी कळायचं. "वाडगा सरळ धर, पेज काय जमिनीला पाजायचीय?" असं खेकसत त्या वाढायच्या. लांजा-राजापूरकडून आलेली माणसं आधी दचकायची, आणि मग दुसऱ्यांदा वाडगा पुढे करायची. उकड्या तांदळाची गरम पेज, वर लोणच्याची एक फोड. पेशंटला दवाखान्यातून जेवण मिळतं. त्याच्या उशाशी बसलेल्याला कोण विचारतंय?

हे मावशींना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. एका खाजगी इस्पितळात तीस वर्षं आया म्हणून राबलेली ही बाई, पण स्वतःचा नवरा आजारी पडला तेव्हा त्याच्या खाटेजवळ दोन दिवस नुसत्या चहावर बसून होती. शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई, गोदा तिचं नाव, तिनं आपल्या डब्यातली अर्धी पेज ओतून दिली. नवरा गेला, गोदाही पुन्हा कधी भेटली नाही. पुढच्याच महिन्यात रविवारची उपासना संपल्यावर मावशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मंडळीनं तांदूळ द्यावा, राबायला मी हाय." मंडळी म्हणजे बावीस ख्रिस्ती घरं. ती हो म्हणाली, त्याला आता चौदा वर्षं झाली.

गेल्या ऑगस्टात चर्चच्या पंचांची सभा बसली. पुढच्या वर्षभरात सेवाकार्य काय काय करायचं, ते ठरवायला. ठरवायला बसले खरे, पण हातात काय होतं? तरुण पोरं मुंबई-पुण्याला गेलेली, अर्पणाची थैली हलकी, छपराची कौलं फुटलेली आणि पाळकांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं, मानधन तीन महिने थकलेलं. खजिनदार आप्पा, पोस्टातून निवृत्त झालेले, चष्मा पुसत म्हणाले, "अंथरूण पाहून पाय पसरावेत." शेवटी ऑक्टोबरपासून पेज बंद करायचं ठरलं. कोणालाच बरं वाटलं नाही. मावशी तिथं नव्हत्या. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात त्यांना मानवत नसे, म्हणून त्या सभेला कधी बसतच नसत.

आता मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी?

पहिले गेले पाळक संदेश. वय बत्तीस, घरी बायको आणि चार वर्षांची आरोही. मावशी सुपात तांदूळ निवडत होत्या. "सलाम मावशी," म्हणेपर्यंत त्यांच्यापुढे वाडगा आला. "काय हो पाळकसाहेब, किती वाळलायत! खावा आधी." ज्या हातची पेज तोंडात आहे, त्या हाताला 'बंद कर' कसं सांगायचं? संदेश पेज पिऊन परत आले. ऑक्टोबर लागला तसे पाच किलो तांदूळ घेऊन पुन्हा गेले आणि दारातच म्हणाले, "मंडळीकडून."

मग आप्पा गेले. वाकून टोप घासणारी ती पाठ त्यांनी कुंपणावरूनच पाहिली आणि मागे फिरले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून तांदूळ आला, निरोप तोच. मंडळीची सचिव समीक्षा, शाळेत शिकवणारी, धीट मुलगी. तीही गेली, आणि तिचीही तीच गत झाली. दर महिन्याला हेच चालू राहिलं. दान गाजावाजा न करता द्यावं, हे तिघांना लहानपणापासून शिकवलेलं. त्यामुळे कोणी कोणाला काही बोललं नाही. प्रत्येकाला वाटे, मावशीची पेज माझ्या एकट्याच्या तांदळावर चाललीय.

इकडे मावशींच्या घरी तांदळाची कणगी भरून वाहू लागली. "मंडळीला पाझर फुटला गो बाय!" असं शेजारणीला सांगून त्यांनी गुरुवारच्या जोडीला सोमवारही सुरू केला. तिघांनी आपापल्या घरात कपाळावर हात मारला आणि तांदूळ वाढवला.

जानेवारीच्या सभेला मावशी इस्त्रीची पांढरी साडी नेसून हजर. चौदा वर्षांत पहिल्यांदाच. "मंडळीचे आभार मानायचेत, आणि शनिवारचंही विचारायचंय," म्हणाल्या आणि पुढच्या बाकावर बसल्या. सभेचा रिवाज असा की आधी मागच्या सभेचा वृत्तांत वाचायचा. समीक्षा वाचायला उठली. थकलेलं मानधन, फुटलेली कौलं, इथपर्यंत वाचून ती थांबली.

"वाच ना गो, थांबलीस का?"

समीक्षानं पाळकांकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, आणि वाचलं, "दवाखान्यातील पेज ऑक्टोबरपासून बंद करण्याचे सर्वानुमते ठरले."

मावशींना आधी नीट कळलंच नाही. "बंद? मग तांदूळ कोणी दिलान?"

"मी... थोडा," समीक्षा पुटपुटली.

"तू?" आप्पा उडालेच. "अगं, मी देत होतो!" दोघांनी पाळकांकडे पाहिलं. पाळक जमिनीकडे बघत होते.

"चौदा वर्षं राबले मी," मावशींचा आवाज चढला. "आणि माझ्या तोंडावर नाय म्हणायला एकाची जीभ रेटली नाय? मी काय तुमाला खाल्लं असतं?" त्या रडल्या, आणि रडताना कोणाची लाज धरली नाही. मग पदरानं डोळे पुसता पुसता त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. "आप्पा, पाळकसाहेबांचं मानधन दिलंत का हो?"

"अजून थकलेलंच आहे," आप्पा हळू म्हणाले.

मावशींचा पदर डोळ्यांवरच थांबला. "अरे देवा! म्हणजे आरोहीच्या ताटातला घास मी दवाखान्यात वाटत होते!"

मग मावशीच उठल्या. "लिही गो समीक्षा. सोमवार बंद. मी बंद करतेय, कोणी घाबरायला नको. गुरुवारचा तांदूळ बावीस घरांनी एकेक शेर आणायचा, उघड, माझ्यासमोर. आणि आधी मानधन. कौलांना घाई नाय, पाऊस जूनात येतो." आप्पांनी मान हलवली. ज्या बाईला सांगायला सगळे घाबरत होते, तिनंच पाच मिनिटांत वर्षाचं नियोजन उरकलं.

पुढच्या गुरुवारी टोप घेऊन निघालेली रिक्षा दवाखान्याकडे जायच्या आधी पाळकांच्या घरापाशी थांबली. संदेशनी दार उघडलं. मावशींनी काठोकाठ भरलेलं पातेलं त्यांच्या हातात दिलं.

"मावशी, हे कशाला..." डोळे पुसायला त्यांनी एक हात सोडला तसं पातेलं कललं.

"मंडळीकडून," मावशी म्हणाल्या. "आणि सरळ धरा, सांडाल."