आधारच्या पेशी

डॉक्टरांनी हातातल्या यंत्रावर करंट वाढवला आणि बाबांचा थरथरणारा हात मांडीवर शांत झाला. कंपवातासाठी मेंदूत बसवलेल्या तारेतला करंट चेतापेशींभोवतीच्या ‘सपोर्टिंग सेल्स’पर्यंतही पोचतो, असं ते इंग्रजीत म्हणाले. त्या सेल्सचं पुढे काय होतं, ते अजून नीट कळलेलं नाही.

“काय गं म्हणाले?” आईनं विचारलं.

सगळं इंग्रजीतच शिकलेली मी शब्द शोधत म्हणाले, “आधारच्या पेशी...”

“आधार? त्याची झेरॉक्स दिली की मी खाली काउंटरवर!”

बाबा हसले. काहीतरी बोललेही, पण शब्द एकमेकांत अडकले. करंट वाढवला की त्यांची जीभ जड होते आणि कमी केला की हात थरथरतो.

“काका, हात हवा की बोलणं?” डॉक्टरांनी विचारलं.

बाबांनी आईकडे पाहिलं. त्यांना घास भरवणारी, त्यांच्या शर्टाची बटणं लावणारी आई. अशा माणसांचं काय होतं, हे कुठल्या तपासणीत दिसत असेल?

“बोलू द्या त्यांना,” आई म्हणाली. “हाताचं मी बघते.”

डॉक्टरांनी करंट कमी केला. बाबांचा हात पुन्हा हलू लागला. आईनं तो घट्ट धरला, तसा तिचाही हात थरथरायला लागला.